पाटी तिथं वाचनालय

नियमालाही आईबाप असतात, असं दत्तोपंत म्हणायचे. नुसतं म्हणून थांबले असते तर बरं होतं. ते समोरच्याला बसवून त्या आईबापांचं नाव, गाव, स्वभाव, सगळं सांगायचे. नळदुर्गच्या आमच्या वाचनालयात भिंतीवर नियमांचा एक लांबलचक तक्ता टांगलेला होता. नवा माणूस आला की वर्तमानपत्र हातात पडण्याआधी त्याला तो तक्ता ऐकावा लागे. बिचारा सोलापूरचा भुसाराचा भाव बघायला आलेला असे, आणि त्याला कळे की कलम सात एका कोंबडीच्या पोटी जन्माला आलंय.

"वाचनालयात जित्राब आणू नये, हे कलम सात," दत्तोपंत हातातल्या पट्टीनं तक्ता दाखवत सांगायचे. "का? तर अणदूरचा एक पाव्हणा बाजाराच्या दिवशी बगलेत कोंबडी घेऊन आला. मी म्हटलं बसू दे, कोंबडी काय पेपर फाडणार आहे? फाडला. अग्रलेखच नेमका."

हे सगळं ते कुजबुजत सांगायचे, कारण कलम एक. 'वाचनालयात मोठ्याने वाचू अगर बोलू नये.' या कलमाचे जनक रामराव पाटील. त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची हौस. तेवढ्यावर भागलं असतं, पण पेपरात नसलेलंही ते त्याच सुरात वाचायचे. एकदा त्यांनी स्वतःच्या जावयाला नोकरी लागल्याची बातमी दिल्लीच्या बातम्यांमध्ये घुसडली आणि गावानं जावयाला हार घातले. जावई आठ दिवस घराबाहेर पडला नाही. त्यानंतर कलम एक आलं आणि पुढं कुणाच्या बापालाही चुकलं नाही.

कलम नऊ ट्रकवाल्यांचं. हैदराबाद-सोलापूर रस्त्यावरचे ड्रायव्हर धाब्यावर जेवून सावलीला म्हणून आमच्याकडं येत आणि पेपर तोंडावर घेऊन आडवे होत. कार्यकारिणी म्हणाली, यांना हाकला. दत्तोपंत म्हणाले, थकलेल्या माणसाला हाकलायचं नाही. मग कलम झालं, 'झोपण्यास हरकत नाही, घोरू नये.' कुणी घोरू लागलं की दत्तोपंत उठून जात, त्याच्या पायाचा अंगठा हलवत आणि कानाशी वाकून म्हणत, "भाई, कलम नऊ." तो पंजाबी ड्रायव्हर घाबरून उठून बसे. त्याला वाटे, पोलीस.

मी मूळचा बार्शीचा. मराठवाडा स्वतंत्र झाल्यावर इकडं शिक्षक कमी पडायला लागले तसा नोकरीसाठी नळदुर्गला आलो आणि वाचनालयाचा सहचिटणीस झालो. म्हणजे मला करण्यासारखं काहीच नव्हतं. सगळं चिटणीस दत्तोपंत करत. लोक त्यांना पाठीमागं कलमकाका म्हणायचे आणि तोंडावर नुसतं काका. अंगात काळी शेरवानी, तिचं मधलं एक बटण कायम गायब, आणि डोक्यावर मात्र पांढरी गांधी टोपी. खाली निजामाचा अंमल आणि वर स्वराज्य, असा तो सगळा थाट होता. निजामी अमदानीत ते तहसिलीत पेशकार होते. फर्डी उर्दू, मोडीवर हुकमत, साहेबापुढं मिसला, म्हणजे फायली, मांडायचं काम. पुढं कचेरीचं उर्दू गेलं, बालबोध मराठी आली, आणि काकांचा हात जडावला. नवे तहसीलदार तरुण होते, चांगले होते. ते म्हणाले, "दत्तोपंत, तुम्ही नुसतं येऊन बसत जा. काम सांगणार नाही. पगार चालू राहील."

काका घरी आले आणि राजीनामा लिहून दिला. का, म्हणून मी एकदा विचारलं.

"गुरुजी, ती मेहरबानी होती," ते म्हणाले. "मी सारी हयात मेहरबान्या बघितल्यात. साहेब खूश तर जमीन तुमची. साहेब बदलला की तुम्ही रस्त्यावर. मेहरबानी घेणारा माणूस सकाळी उठल्यावर आधी साहेबाचं तोंड बघतो, मग सूर्याचं. नियम कसा का असेना, लंगडा असेना, त्याच्याकडं बघून मुजरा करावा लागत नाही."

त्यांच्या घरात मात्र एकही नियम नव्हता. काकू सांगायच्या, "तक्ता तिकडं वाचनालयात. घरात मी आहे." आणि काकाही उंबरा ओलांडून आत गेले की निमूट लसूण सोलायला बसायचे.

बरं, हा माणूस स्वतःला सवलत द्यायचा म्हणाल, तर ते नाव नको. चिटणीस वेळेवर आला नाही तर जो पहिला वाचक हजर असेल त्यानं वाचनालय चालवायचं, असं एक कलम होतं. एकदा तुळजापूरहून येताना एसटी पंक्चर झाली आणि काकांना उशीर झाला. मी शाळेच्या तपासणीत अडकलेला. पहिला वाचक कोण, तर गुराखी भिवा. त्याला अक्षर येत नव्हतं, तो चित्रं बघायला यायचा. काका उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "भिवाजी, आत येऊ का?" भिवा पार गोंधळला. "या की, तुमचंच हाय," म्हणाला. "आज तुमचं आहे," असं म्हणून काका आत आले आणि वाचकांच्या सतरंजीवर बसले. वाचनालय बंद होईपर्यंत उघडायची-मिटायची घंटा भिवाच्या हातात होती. त्यानं ती उगीचच चार वेळा वाजवली. काका सतरंजीवर पेपर वाचत राहिले.

आता पाटीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

वाचनालय निजामाच्या काळातलं. तेव्हा चार माणसं एकत्र बसायची म्हटली तरी इजाजत लागे. वाचनालयाला इजाजत होती, पण शेवटची धामधूम सुरू झाली तसा वरून हुकूम आला की बंद करा. अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, हुकूम घेऊन तहसिलीत आले. पेशकार दत्तोपंत. अमीन म्हणाला, "पंडतजी, बंद कैसा करना? दरवाज्याकू कुलूपच नहीं." खरंच नव्हतं. वाचनालय म्हणजे देवळाशेजारची एक उघडी पडवी. काकांनी हुकूम दोनदा वाचला आणि म्हणाले, "साहेब, इजाजत कशाला दिलीय? या नावाच्या संस्थेला. नाव कुठं आहे? पाटीवर. पाटी उतरवा, तामील झाली." अमीन खूश. त्यानं पाटी उतरवली, बगलेत मारली आणि चौकीत नेऊन ठेवली. जाता जाता आत बसलेल्यांना म्हणाला, "अब यहाँ कुच नहीं है. तुम बैठो."

आणि लोक बसले. पाटी चौकीत धूळ खात होती आणि इकडं वाचन बिनबोभाट चालू होतं. पोलीस अॅक्शननंतर ताशे वाजवत पाटी परत आणली. तेव्हापासून काकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. पाटी तिथं वाचनालय. पाटी नाही तिथं नुसती पडवी. तक्त्यातही कलम दोन म्हणून ते घातलं होतं. आम्ही हसत असू. म्हातारपणी माणसाला एखादं खूळ असतं, तसं समजत असू.

केरबा घोंगड्या विणायचा. वेशीजवळ त्याचं घर, पुढं प्रशस्त ओटा, ओट्याच्या एका टोकाला माग. त्याचा एकुलता एक पोरगा विहीर खणताना दरड कोसळून गेला. मागं राहिली सून, अनसूया. विशीची असेल. माहेरी पाचवीपर्यंत शिकलेली, आणि नवरा होता तेव्हा त्यानं आणून दिलेलं मिळेल ते वाचलेलं. केरबा तिला जीव लावायचा. पण अनसूयाचे भाऊ आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे. त्यांनी तिथल्या एका बिजवराशी तिचा पाट ठरवत आणला होता. माणूस तिच्या बापाच्या वयाचा, जमीन मात्र काळी. अनसूया त्या नावानंच रडायची.

त्या वर्षी गावात मुलींची शाळा निघाली आणि बाई मिळेना. सातवीची फायनल पास असलेली बाई चालणार होती. मी केरबाला म्हटलं, सुनेला बाहेरून फायनलला बसवा. केरबा भावांशी बोलला. भाऊ एवढंच म्हणाले, "पास झाली तर तिची मर्जी. न्हाय झाली तर निकाल लागला की गाडी जुपून न्यायला येताव." म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर आलं. धाराशिवला केंद्र आणि हाताशी उन्हाळ्यातले थोडेसे दिवस.

पुस्तकांची तेव्हा फार ओरड होती. नव्या अभ्यासक्रमाचा एकच संच गावात होता, तो आमच्या वाचनालयात. आणि तिथं आडवं आलं कलम अकरा. 'शालेय पुस्तके बाहेर नेऊ नयेत. आत बसून वाचावीत.' या कलमाची आई म्हणजे एक भजीवाली. पूर्वी कुणीतरी भूगोल घरी नेला आणि रद्दीत घातला. अर्धा आशिया खंड लोकांनी भज्यांबरोबर खाल्ला, असं काका सांगत.

केरबा हात जोडून आला. मागं पदर डोळ्यांपर्यंत ओढून अनसूया.

"काका, पोरगी चार बाप्यांत बसायची न्हाय. लोक शेण घालतेत तोंडात. पुस्तक घरला द्या. घरी आलं तर वाचू दे की, माजी ना न्हाय."

"कलम अकरा," काका म्हणाले.

"काका, म्या पान दुमडनार न्हाय," अनसूया हळूच म्हणाली. "दिवा लागायच्या आत परत आनून देते. तेवढी दया करा."

काका एकदम ताठ झाले. "दया मागू नकोस, पोरी. दया मी करणार नाही."

केरबाचं तोंड उतरलं. दोघं निघून गेली. मला इतका संताप आला म्हणता! मी कलम एक गुंडाळून ठेवून बोललो.

"काका, दगड आहात तुम्ही. माझ्या नावावर द्या पुस्तक. फाटलं तर मी भरून देईन."

"हळू बोला."

"मग नियम बदला! तुम्हीच केलाय ना?"

"बदलीन. एका पोरीसाठी बदलला की उद्या भजीवालीचा जावई येईल. आणि आज मी तिला मेहरबानी म्हणून पुस्तक दिलं, उद्या माझ्या जागी दुसरा आला आणि म्हणाला आण परत, तर ती काय करणार? परीक्षा तोंडावर असताना? तिला असं काहीतरी पाहिजे, जे कुणाला मागं घेता येणार नाही."

"असं काय आहे?"

"बघतो," म्हणाले आणि तक्त्यापुढं जाऊन उभे राहिले. मी पाय आपटत घरी आलो. बायकोला म्हटलं, या माणसाला उद्या यमदूत न्यायला आले तर हा त्यांचंही ओळखपत्र मागेल.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाजारपेठेनं जे बघितलं ते अजून लोक सांगतात. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, असं ऊन. त्या उन्हात शेरवानी घातलेले दत्तोपंत वेशीकडं निघालेले. डोक्यावर वाचनालयाची पत्र्याची पाटी आडवी धरलेली, एका बगलेत पुस्तकांचं गाठोडं, दुसऱ्या बगलेत एकाच माणसापुरतं बस्कर, आणि खिशातली घंटा पावलागणिक वाजतेय. पाटीवरची अक्षरं आकाशाला वाचता येत होती. दुकानदार खाली उतरले. "काका, वाचनालय कुठं निघालं?" काका थांबले नाहीत.

केरबाच्या ओट्यावर एक खुंटी होती. काकांनी तिला पाटी अडकवली, खाली बस्कर टाकलं, घंटा वाजवली आणि म्हणाले, "केरबा, ओटा तुमचा. द्यायचा की नाही ही तुमची मर्जी. दिला तर दुपारी दोन घंटे हे वाचनालय. पुस्तक बाहेर गेलेलं नाही. वाचनालयातच आहे. आणि तुमच्या घरीही आहे."

केरबानं डोकं खाजवलं. "आन बाकीचे बाप्ये आले तर?"

"कलम पाच. जेवढी बैठक तेवढेच वाचक. बैठक एकच आणलीय."

खरं सांगतो, हे मला केरबानंच सांगितलं तेव्हा मी अंगणात उभा राहून एकटाच हसलो. ज्याला मी दगड म्हणालो होतो त्यानं नियमाचा एक कानाही हलवला नव्हता. त्यानं अख्खं वाचनालय उचलून नेलं होतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळ-संध्याकाळ वाचनालय देवळाजवळ, दुपारी केरबाच्या ओट्यावर. अनसूया बस्करावर, एका बाजूला केरबाचा माग खटखट करतोय, आणि काका पायरीवर छत्री उघडून बसलेले, तिच्याकडं पाठ करून. कारण कलम बारा, 'चिटणिसाने वाचकाकडे टक लावून बघू नये.' हे कलम त्यांच्याविरुद्धच झालं होतं. एका ड्रायव्हरनं तक्रार केली होती की म्हातारा असा बघायलाय की अक्षरंच दिसंनात. तर त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्याच्या राखणीत पोरीचा अभ्यास सुरू झाला. कापडवाले एक भाऊसाहेब गंमत बघायला आले. सभासद होते, हक्क होता. काकांनी उठून नमस्कार केला आणि अतिशय अदबीनं कुजबुजले, "बैठक भरलेली आहे." भाऊसाहेब घाम पुसत परत गेले. पुन्हा त्या उन्हात कुणी आलं नाही.

गणितात तिची गाडी अडली तेव्हा मी गेलो. मला बसता येत नव्हतं. पण उभ्या माणसाबद्दल तक्त्यात काही नव्हतं. मी उभ्यानं, वाकून, कुजबुजत तिला व्याज समजावलं. कंबर धरली. पाठमोरे काका म्हणाले, "गुरुजी, बसू नका हं." या माणसाला काय म्हणावं!

कार्यकारिणीला हे कळायचं राहणार थोडंच. अध्यक्ष म्हणजे गावातले वकीलसाहेब. मनानं चांगला माणूस, पण त्यांना न विचारता गावात काही झालं की त्यांना पोटदुखी व्हायची. त्यांनी तातडीची सभा बोलावली. वेळ नेमकी दुपारची ठेवली, दत्तोपंतांना पकडायचंच म्हणून. आम्ही सगळे पडवीत जमलो. काका आलेच नाहीत. मला बोलवायला पाठवलं. काका पायरीवरूनच म्हणाले, "सभा वाचनालयातच भरली पाहिजे. तुम्ही सगळे कुठं बसलात?"

मी परत जाऊन सांगितलं. वकीलसाहेब तावातावानं उठले. सगळी कार्यकारिणी उन्हातून केरबाच्या ओट्यापाशी आली. बस्कर एक, त्यावर अनसूया पुस्तकात डोकं घालून. वकीलसाहेबांनी तोंड उघडलं तसं काकांनी पाटीकडं बोट दाखवलं. वकीलसाहेबांनी आवाज उतरवला, आणि आवाज उतरला की माणसाचा निम्मा रागही उतरतो हे मी तेव्हा बघितलं. ते जरा वेळ पोरीकडं बघत राहिले. मग माझ्या कानाशी लागले, "गुरुजी, सभेला बसायला जागा नाही. तहकूब लिहा." आणि घरी जाऊन झोपले. ती सभा आजतागायत तहकूब आहे.

पण खरी वेळ पुढं आली. परीक्षा आठवड्यावर असताना अनसूयाचे दोन्ही भाऊ अचानक वाशीहून उगवले. बिजवराला घाई झाली होती. निकालापर्यंत थांबायला तो तयार नव्हता. भर दुपारी बैलगाडी येऊन दारात थांबली. मी त्या दिवशी तिथंच होतो, भूमितीच्या निमित्तानं उभा. थोरला भाऊ गाडीतून उतरला तोच ओरडत. "आनशे! ऊठ! लई झालं शिकनं!"

 अनसूयानं पुस्तक छातीशी धरलं. काका उठायला गेले. पण त्यांच्या आधी मागावरून केरबा उठला. आयुष्यात ज्यानं कुणाला वर मान करून उत्तर दिलं नव्हतं असा केरबा. तो ओट्याच्या कडेला आला, तोंडावर बोट ठेवलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोला. हे वाचनालय हाय."

"काय?"

"पाटी दिसत न्हाय व्हय? कलम एक. मोट्यानं बोलायचं न्हाय."

भावांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पाटीकडं बघितलं, शेरवानीतल्या काकांकडं बघितलं, धोतर-टोपीतल्या माझ्याकडं बघितलं. पत्र्याची पाटी, घंटा, दोन टोपीवाले. जागा सरकारी असणार असं त्यांना वाटलं असावं, आणि सरकारी जागेचा धाक आमच्या मुलखात काय आहे ते सांगायला नको. थोरला कुजबुजला, "आमी तिला न्यायला आलाव."

"न्हाय नेता येनार," केरबाही कुजबुजला. "निकालापातूर बोलनं झालंय."

"जमीन सोन्यावानी हाय."

"असू द्या."

"उद्या तुमी मेलाव तर हिला कोन बघंल?"

"तीच बघंल," केरबा म्हणाला. "म्हनून तर बसवलीय."

असलं भांडण मी पुन्हा कधी बघितलं नाही. धमक्या, शिव्या, आईबाप, सगळं निघालं, पण सगळं कुजबुजत. आणि कुजबुजत दिलेल्या शिवीला दम राहत नाही. धाकट्याला तर मधेच हसू आलं. शेवटी थोरल्यानं बहिणीकडं बघून विचारलं, "व्हईल का पास?" अनसूया पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "व्हईन, दादा." गाडी आली तशी गेली. काका खाली बसले. त्या दिवशी त्यांनी घंटा वाजवली नाही. विसरले.

अनसूया पास झाली. मुलींच्या शाळेत तिला घेतलं. पहिल्या दिवशी ती काकांच्या पाया पडायला आली तेव्हा काका पाय मागं घेऊन म्हणाले, "माझ्या नको. मी काही दिलेलं नाही. तू तुझ्या हक्काच्या बैठकीवर बसली होतीस." पोरगी वेडी, खाली बसून ढसाढसा रडली. काकांना काय करावं कळेना. त्यांनी काकूंना हाक मारली.

पुढं माझी धाराशिवला बदली झाली. वर्षं गेली. महाराष्ट्र झाला. मधूनमधून कळायचं की काकू गेल्या, काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, सोलापूरला ऑपरेशन झालं आणि ते बिघडलं. दिसायचं बंद झालं त्या आठवड्यात काकांनी चिटणीसपद सोडलं. लोक म्हणाले, राहा की नावाला. ते म्हणाले, नावाला राहणं मला एकदा एका साहेबानं सांगितलं होतं. त्यांच्या जागी अनसूयाबाई चिटणीस झाल्या. काहींनी नाकं मुरडली. पण बाईनं चिटणीस होऊ नये असं तक्त्यात कुठंच नव्हतं. वकीलसाहेबांनी दोनदा वाचून बघितलं म्हणे.

एका संध्याकाळी मी नळदुर्गला गेलो तो सरळ पडवीत. तक्ता होता तिथंच. दोनचार वाचक, कोपऱ्यात एक ड्रायव्हर आडवा. आणि त्याच्या पायथ्याशी खांबाला टेकून काका. शेरवानी तीच, बटण अजून गायब. हातात वर्तमानपत्र धरलेलं, उलटं.  मी अनसूयाबाईंना बाहेर बोलावून म्हटलं, "अहो, कुणी वाचून का दाखवत नाही त्यांना? घरी तरी?"

"घरी नको म्हणतात. घरात काकू होत्या, आता घरात काय आहे म्हणतात. इथंच बसायचं असतं. कानही जड झालेत, गुरुजी. कुजबुजून ऐकू जात नाही. आणि मोठ्यानं वाचायचं तर..."

"कलम एक," मी म्हणालो. "आता त्यांच्यापुरतं ते बाजूला ठेवा की."

बाई हसल्या. "मेहरबानी? ती मी करणार नाही. चालायची नाही त्यांना." आणि घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "थांबा जरा. वेळ झालीच आहे."

त्या आत आल्या, काकांच्या डोक्यावरच्या खिळ्यावरून पाटी उतरवली, पदरानं पुसली आणि भिंतीकडं तोंड करून खाली ठेवली. रोजचं असावं. कुणी मान वर करून बघितलं नाही. मग काकांपाशी बसून, त्यांच्या हातातला पेपर हळूच काढून घेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "काका, पाटी उतरवलीय."

काकांनी हात वर करून खांब चाचपला. बोटांना रिकामा खिळा लागला. चेहरा निवळला.

"मग वाच," म्हणाले.

बाई खणखणीत आवाजात वाचू लागल्या. दिल्ली, मुंबई, धरणं, भाव. बाकीचे वाचकही आपापली पानं मिटून ऐकू लागले. काका मान हलवत होते, मधेच "परत" म्हणत होते. अग्रलेख अर्धा झाला असेल नसेल, कोपऱ्यातला ड्रायव्हर घोरायला लागला, असा की काकांच्याही कानात शिरावं. सवयीनं काकांचा हात त्याच्या अंगठ्याकडं निघाला. तोंडात शब्द आलेला मी बघितला, "भाई, कलम..."

हात तिथंच थांबला. काकांनी तो मागं घेऊन मांडीवर ठेवला.

"घोरू दे त्याला," ते बाईंना म्हणाले. "आत्ता इथं वाचनालय नाही. तू वाच."